कुठली चूक परवडेल?

गरोदर बाईच्या प्लाझ्माचा, म्हणजे पेशी काढून टाकलेल्या रक्ताचा, एक मिलिलिटर डोळ्यांसमोर आणा. फिकट पिवळा, नळीच्या तळाशी जेमतेम दिसणारा. त्यात अल्ब्युमिन असतं तीसेक मिलिग्रॅम. चरबीच्या पेशींतून येणारं ॲडिपोनेक्टिन काही मायक्रोग्रॅम. तिथूनच येणारं लेप्टिन नॅनोग्रॅममध्ये. आणि आयएल-६, म्हणजे ज्याचे रिपोर्ट २०२०-२१ मध्ये नातेवाईक रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर फिरवत होते ते प्रथिन, पिकोग्रॅममध्ये. तब्येत बरी असेल तर तेही एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच. मिलिग्रॅमचा हजारावा भाग मायक्रोग्रॅम, त्याचा हजारावा नॅनो, त्याचा हजारावा पिको. अल्ब्युमिन आणि आयएल-६ यांच्यात साधारण हजार कोटींच्या पटीचा फरक पडतो, आणि दोघं एकाच नळीत सुखाने नांदत असतात.

माझं पोटापाण्याचं काम या नळीतली प्रथिनं मोजण्याचं. पुण्यात एका प्रयोगशाळेत मी ते करते. त्यामुळे "अगं, एकदम दहा-बारा प्रथिनं मोजायची आहेत, मशीन कुठलं घेऊ?" असे फोन येतात. अलीकडचा फोन माझ्या मैत्रिणीचा होता. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी मेडिकल कॉलेजात शिकवते, आणि गरोदरपणातल्या मधुमेहावर तिला एक बेताचा प्रकल्प मंजूर झालाय. लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन, आयएल-६, टीएनएफ-अल्फा आणि आणखी पाचसहा नावं तिच्या यादीत होती. कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन ब्रोशर ठेवून गेले होते. एकावर दहा, एकावर पन्नास, एकावर पाच हजार. आकडा जितका मोठा तितका कागद गुळगुळीत.

तिला मी जे सांगत गेले ते इथे जरा ऐसपैस लिहिते आहे, कारण फोनवर मध्येच तिला लेबर रूममधून बोलावणं आलं.

या सगळ्या खटाटोपाची सुरुवात मधुमेहापासूनच झालेली आहे. १९५९-६० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत बसवली. किरणोत्सारी इन्सुलिन आणि रुग्णाचं इन्सुलिन यांना एकाच अँटिबॉडीसाठी भांडायला लावायचं, आणि किरणोत्सारी किती हरलं यावरून रुग्णाचं किती होतं ते काढायचं. बर्सन १९७२ मध्ये गेले. नोबेल १९७७ मध्ये आलं, ते यॅलोंना. मधल्या काळात, १९७१ मध्ये, स्टॉकहोमला एव्हा एंगवॉल आणि पीटर पर्लमन यांनी किरणोत्साराच्या जागी एन्झाइम बसवलं आणि एलायझा जन्माला आली. हॉलंडमधल्या ऑर्गेनॉन कंपनीत व्हान वीमेन आणि स्खूर्स यांनाही त्याच वेळी तेच सुचलं होतं.

एलायझा आजही गरीब प्रयोगशाळांची अन्नपूर्णा आहे आणि मी तिच्याबद्दल वाईट बोलू देत नाही. पण हिशेब पाहा. एका प्लेटमध्ये ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे. त्यातले सोळा स्टँडर्ड कर्व्हमध्ये, म्हणजे मोजपट्टी आखण्यात, गेले. उरले ऐंशी, प्रत्येक सॅम्पल दोनदा लावायचं म्हटलं तर चाळीस बायका. एका वेलला शंभर मायक्रोलिटर, म्हणजे एका प्रथिनामागे एका बाईचे दोनशे मायक्रोलिटर. दहा प्रथिनांना दोन मिलिलिटर. मैत्रिणीच्या फ्रीजरमध्ये प्रत्येकीचा प्लाझ्मा त्याच्या निम्माही नव्हता. डायल्यूट करून चालतं त्या प्रथिनांचं सोडा, आयएल-६ ला पाणी घालून चालत नाही.

म्हणून मल्टिप्लेक्स. एकाच वेलमध्ये, एकाच थेंबात, सगळी प्रथिनं. इथेच लोक भाळतात आणि इथेच गोम आहे. कुकरमध्ये एकावर एक डबे रचून तांदूळ, तूरडाळ आणि छोले एकाच वेळी लावून पाहा. शिट्ट्या सगळ्यांना सारख्याच. भात बरोबर झाला तर छोले टणटणीत राहतात, आणि छोले शिजेपर्यंत थांबलात तर भाताची पेज होते. मल्टिप्लेक्समध्ये डायल्यूशन एक, बफर (ज्यात सगळं कालवायचं ते द्रावण) एक, वेळ एक, तापमान एक. आयएल-६ दिसावं म्हणून प्लाझ्मा जवळजवळ आहे तसा घातला, तर ॲडिपोनेक्टिन इतकं होतं की सगळ्या अँटिबॉडी तुडुंब भरतात आणि आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो. कधी कधी त्याहून वाईट होतं. या चाचण्यांत प्रथिन दोन अँटिबॉडींमध्ये अडकावं लागतं: एक त्याला पकडते, दुसरी ते दाखवते. प्रथिन फारच जास्त असेल तर पकडणारी अँटिबॉडी एका रेणूने भरते, दाखवणारी दुसऱ्याच रेणूने, दोघींमध्ये एकच रेणू अडकत नाही आणि सिग्नल उलट खाली येतो. सगळ्यात जास्त ज्या बाईत आहे तिचा आकडा मधलाच दिसतो, आणि यंत्र तक्रारही करत नाही.

चांगल्या कंपन्या हे जाणून असतात. म्हणूनच त्यांच्या कॅटलॉगमध्ये ॲडिपोनेक्टिन बहुधा सायटोकाइनच्या (आयएल-६ सारख्या, पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या प्रथिनांच्या) पॅनलमध्ये, म्हणजे एकत्र मोजायच्या संचात, नसतं, वेगळ्या पॅनलमध्ये, भरपूर डायल्यूशनसह असतं. मैत्रिणीच्या हातातल्या कोटेशनमध्ये मात्र दहाच्या दहा नावं एका ओळीत लिहिलेली होती. पॅनल दोन लागतील हे विचारल्यावर कळलं. प्लेटा दुप्पट, पैसे दुप्पट, प्लाझ्माही दोनदा.

आता यंत्रांकडे येते. प्रत्येक यंत्र कुकरचा हा पेच आपल्या परीने सोडवू पाहतं आणि सोडवताना एक नवी चूक पदरात घेतं. निवड करायची ती या चुकांमधून.

लुमिनेक्सची कल्पना मला आजही सगळ्यांत देखणी वाटते. टेक्सासमधल्या ऑस्टिनची ही कंपनी, २०२१ पासून इटलीच्या डायासोरिनच्या मालकीची. पॉलिस्टायरीनचे पाच-सहा मायक्रॉनचे बीड, म्हणजे सूक्ष्म मणी, आणि प्रत्येकाच्या पोटात दोन रंग वेगवेगळ्या प्रमाणात भरलेले. दहा छटा गुणिले दहा छटा, शंभर जातींचे बीड. प्रत्येक जातीवर एका प्रथिनाची अँटिबॉडी चिकटवायची. पुढे तिसरा रंग घालून त्यांनी पाचशे जाती केल्या. मूळच्या यंत्रात बीड एकामागून एक रांगेने जातात. एक लेसर बीडची जात ओळखतो, दुसरा त्याच्यावर किती प्रथिन बसलंय ते पाहतो. पंचवीस-पन्नास मायक्रोलिटरमध्ये काम होतं. आणि हा मंच सर्वांना खुला आहे: यंत्र एकाचं, किट कितीतरी कंपन्यांचे. त्यामुळे शोधनिबंधात कुणी "लुमिनेक्सवर मोजलं" एवढंच लिहिलं की मी पान उलटून किट कुणाचं होतं ते शोधते. अँटिबॉडी किटवाल्याची असते. लेसर बिचारा काय करणार.

लुमिनेक्सची चूक कुठली? दाखवणाऱ्या सगळ्या अँटिबॉडी एकत्र कालवून वेलमध्ये ओतल्या जातात. दहा प्रथिनं असतील तर दहा अँटिबॉडी दहा जातींच्या बीडांना भेटतात: शंभर भेटी, त्यातल्या दहाच हव्या असलेल्या. पन्नास प्रथिनं केली की अडीच हजार भेटी, हव्या असलेल्या पन्नास. नको तिथे चिकटण्याची शक्यता अशी वर्गाने वाढत जाते. वेलमध्ये कोण कुणाला चिकटलं हे बीडला सांगता येत नाही, ते फक्त चमकतं. म्हणून पन्नास-प्लेक्स म्हटलं की मी हात आखडता घेते. दहा-बाराच्या आत मला त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

मेरीलँडच्या मेसो स्केल डिस्कव्हरीने, आपण सगळे एमएसडी म्हणतो, वेगळा रस्ता धरला. वेलच्या तळाशी कार्बनचा इलेक्ट्रोड आणि त्यावर दहापर्यंत ठिपके, प्रत्येक ठिपक्यावर एक अँटिबॉडी. दाखवणाऱ्या अँटिबॉडीला रुथेनियमचा लेबल. वीज सोडली की इलेक्ट्रोडच्या अगदी लगतचं रुथेनियम प्रकाश देतं, दूरचं देत नाही. प्रकाश पाडायला प्रकाश वापरावा लागत नसल्याने पार्श्वभूमी अंधारी राहते, आणि म्हणूनच थोडंसं आणि बरंचसं दोन्ही एकाच मोजपट्टीवर बसतात. हे काही परकं रसायन नव्हे. मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तुमची टीएसएच ज्या स्वयंचलित यंत्रांवर होते त्यांतल्या पुष्कळांत हेच रुथेनियम चमकत असतं. आयएल-६, टीएनएफ-अल्फा यांसारख्या कंजूष प्रथिनांसाठी माझा कौल इकडे झुकतो. किंमत अशी की प्लेट त्यांची, रीडर त्यांचा, बफर त्यांचा. एकदा शिरलात की आत.

मग येतात हजारोंवाले. स्वीडनमधल्या उप्सालाच्या ओलिंकने त्या नको असलेल्या भेटींवर जो तोडगा काढला त्याला दाद द्यावीच लागते. प्रत्येक प्रथिनासाठी दोन अँटिबॉडी, आणि दोघींना डीएनएची एकेक शेपटी. दोघी एकाच रेणूवर शेजारी बसल्या तरच शेपट्या एकमेकींत गुंततात, पॉलिमरेज हे एन्झाइम ती गाठ पुढे वाढवतं, आणि मोजली जाते ती गाठ. चुकीच्या ठिकाणी कुणी चिकटली तरी तिथे तिची जोडीदारीण नसते. शेपटी जुळत नाही, आकडा येत नाही. उप्सालामध्येच उल्फ लांडेग्रेन यांच्या गटाने २००२ साली यातली मूळ युक्ती दाखवली होती. आज त्यावर पाच हजारांहून जास्त प्रथिनं एका वेळी मोजतात, आणि लहान पॅनलला प्लाझ्मा लागतो एक मायक्रोलिटर. २०२४ मध्ये थर्मो फिशरने ही कंपनी घेतली. इथली चूक, किंवा म्हणा पथ्य, असं की मोठ्या पॅनलमधून मिळणारा आकडा पिकोग्रॅममध्ये नसतो. तो सापेक्ष असतो, लॉगरिदमच्या पट्टीवर; एकाने वाढला म्हणजे दुप्पट. दोन गटांची तुलना करायला उत्तम. पण दवाखान्यात बसलेली माझी मैत्रीण "किती पिकोग्रॅमच्या वर धोका?" असं विचारेल तर त्याचं उत्तर त्यात नाही.

कोलोरॅडोमधल्या बोल्डरच्या सोमालॉजिकने अँटिबॉडीच सोडून दिली. लॅरी गोल्ड आणि क्रेग ट्यूर्क यांनी १९९० मध्ये, कोट्यवधी न्यूक्लिइक आम्लांच्या तुकड्यांतून एखाद्या रेणूला घट्ट धरणारा तुकडा निवडून काढायची पद्धत दाखवली. त्याच वाटेने पुढे बदललेल्या डीएनएचे, प्रथिन सहज न सोडणारे तुकडे आले. सोमास्कॅन नावाची ही चाचणी पंचावन्न मायक्रोलिटर प्लाझ्मा घेते आणि तो तीन डायल्यूशनमध्ये वाटते: वीस टक्के, अर्धा टक्का आणि ०.००५ टक्के. छोल्यांना, डाळीला, तांदळाला वेगवेगळा कुकर. प्रश्न एवढाच की इथे प्रथिनाला धरणारा एकच हात आहे. एलायझात किंवा ओलिंकमध्ये दोन साक्षीदार लागतात, इथे एकाच्या साक्षीवर निकाल. तो घट्ट धरतो, हळू सोडतो, मधल्या धुण्यात खोटे दावेदार गळून पडतात, हे सगळं खरं. तरी साक्षीदार एकच.

आणि मोजकीच प्रथिनं, पण पाताळात दडलेली शोधायची असतील तर सिमोआ. डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की एकेक बीड पन्नास फेम्टोलिटरच्या खळग्यात बसवला की एकेका रेणूची चमक वेगळी दिसते, आणि मग प्रकाशाची तीव्रता मोजायच्या ऐवजी पेटलेले खळगे मोजता येतात. मेंदूतल्या चेतापेशी झिजताना रक्तात झिरपणारं न्यूरोफिलामेंट आता बोटातल्या सुईने काढलेल्या रक्तातही शोधायची स्वप्नं पडतात ती यामुळे. मैत्रिणीच्या कामाशी त्याचा संबंध नव्हता म्हणून पुढे जाते. मास स्पेक्ट्रोमेट्रीही बाजूला ठेवते. तिला अँटिबॉडी लागत नाही हा तिचा फार मोठा गुण, पण साध्या प्लाझ्मात पिकोग्रॅमपर्यंत पोचायला तिला अजून दम लागतो.

ओलिंक आणि सोमास्कॅन हे दोघे हजारोंवाले एकाच रक्तावर एकच उत्तर देतात का? यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांच्या रक्ताच्या आणि आरोग्याच्या माहितीच्या साठ्यातल्या ५४,२१९ लोकांच्या रक्तात ओलिंकने २,९२३ प्रथिनं मोजली. तेरा औषध कंपन्यांनी मिळून त्याचा खर्च उचलला आणि निकाल २०२३ मध्ये आले. त्याआधी आइसलंडच्या डीकोड या जनुकशास्त्राच्या कंपनीने सोमास्कॅन वापरून पस्तीस हजारांवर लोकांत जवळपास पाच हजार मोजण्या केल्या होत्या. डीकोडवाल्यांनीच पुढे दोन्ही पद्धतींची तुलना केली. दोन्हीकडे असलेल्या प्रथिनांमधला मध्यक सहसंबंध निघाला ०.३३ च्या आसपास (पूर्ण जुळलं तर एक, अजिबात नाही तर शून्य). म्हणजे नाव एकच, प्रथिन एकच, आणि दोन यंत्रं त्याच माणसांना वेगवेगळ्या क्रमाने उभं करतात. सगळ्याच प्रथिनांचं असं नाही. काहींचे आकडे सुरेख जुळतात, काहींचे अजिबात नाहीत. जुळत नाही तिथे कोण चुकलं? कधी एक, कधी दुसरा. आणि कधी दोघंही बरोबर असतात: एक जण प्रथिनाचा मोकळा फिरणारा भाग धरतो, दुसरा कशाला तरी बांधलेला. ब्रोशरवरचा पाच हजार हा आकडा मला त्या दिवसापासून वेगळा दिसायला लागला. त्यातली कुठली प्रथिनं माझ्या सॅम्पलमध्ये दिसण्याच्या उंबरठ्याच्या वर येतात, आणि त्यातली किती दुसऱ्या पद्धतीने पडताळलेली आहेत, हे विचारलं की प्रतिनिधी चहा घेतात.

एकच प्रथिन मोजणारं किटसुद्धा काय घात करू शकतं याची गोष्ट टोरंटोची आहे. माउंट सायनाय हॉस्पिटलमधला इओआनिस प्रासास आणि त्याचे सहकारी सीयूझेडडी-१ या प्रथिनावर काम करत होते. स्वादुपिंडाचा कर्करोग त्यावरून ओळखता येईल अशी आशा होती. बाजारातलं किट घेतलं, दोन वर्षं घालवली, पाच लाख डॉलर आणि हजारो रुग्णांची सॅम्पलं खर्ची पडली. मग लक्षात आलं की किटमधली अँटिबॉडी सीयूझेडडी-१ ला शिवतच नाही. ती धरते सीए-१२५ ला, म्हणजे कर्करोगातच वाढणाऱ्या, आधीपासून सर्वांना माहीत असलेल्या दुसऱ्या प्रथिनाला. म्हणूनच निकाल इतके सुंदर येत होते. प्रासासने हे लपवलं नाही, किटचं सगळं प्रकरण रीतसर छापलं. एका प्रथिनात हे होतं, तर पन्नासांत कुणी एक बसलेलं नसेल असं मी मानत नाही.

फिनलंडची गोष्ट याच्या उलट टोकाची. १९९० च्या आसपास तुर्कूच्या संशोधकांना एक निरोगी बाई भेटली जिच्या रक्तात एलएच, म्हणजे बीजांड सुटायला लागणारं संप्रेरक, दिसतच नव्हतं. ते नसताना बाई ठणठणीत कशी? एलएच होतं, भरपूर होतं. तिच्या जनुकातल्या बारीक फरकामुळे रेणूचा नेमका तो कोपरा बदललेला होता जिथे चाचणीतली मोनोक्लोनल अँटिबॉडी बसायची. दुसऱ्या अँटिबॉडीने मोजलं की ते दिसलं. बदललेलं एलएच असलेले लोक नंतर इतरत्रही सापडले. मला ही गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची वाटते. ही किट पारखली जातात प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या रक्तावर. बायोबँकेतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे. आपल्याकडे एखादा फरक सर्रास असेल आणि तो नेमका अँटिबॉडीच्या आसनावर असेल, तर अख्ख्या तालुक्यात एखादं प्रथिन "कमी" निघेल आणि त्यावर आपण शोधनिबंधही लिहू.

आपलं रक्त वेगळं काही सांगू शकतं हे पुण्याने केव्हाच दाखवलंय. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या आया आणि बाळांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं, पण हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळाच्या कातडीखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. नाळेच्या रक्तातलं लेप्टिन आणि इन्सुलिन मोजून त्यांनी २००२ मध्ये मांडलं की ही चरबी आणि हे वाढीव इन्सुलिन जन्मापासूनच असतं. हजारो प्रथिनं नव्हती त्यांच्याकडे. दोन-तीनच होती, पण प्रश्न आधी होता आणि मोजणी त्याच्यामागून आली. मैत्रिणीला मी हे ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू मला यादी कमी करायला सांगतेयस." हो, तेच सांगत होते.

यादी लांबली की काय होतं ते साध्या गणिताने कळतं. निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याला पाच टक्क्यांची मर्यादा धरून तीन हजार प्रथिनं तपासली, तर मधुमेहाशी कशाचाच संबंध नसला तरी दीडशे प्रथिनं "लक्षणीय" निघतील. त्याला दुरुस्त्या आहेत, संख्याशास्त्रज्ञ त्या करतात, पण मैत्रिणीच्या ऐंशी बायकांच्या अभ्यासात त्या दुरुस्त्यांनंतर हाताला काही उरत नाही. हजारोंचं पॅनल हे हजारो माणसांसाठी.

आणि गणित आणखी एका ठिकाणी दगा देतं. २००८ मध्ये अमेरिकेत ओव्हाशुअर नावाची चाचणी बाजारात आली. बीजांडकोशाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी, येल विद्यापीठातल्या संशोधनावर आधारलेली, लुमिनेक्सच्या बीडांवर सहा प्रथिनं: लेप्टिन, प्रोलॅक्टिन, ऑस्टिओपॉन्टिन, आयजीएफ-२, एमआयएफ आणि सीए-१२५. संवेदनशीलता, म्हणजे रुग्णांतल्या किती पकडल्या, ९५.३ टक्के; विशिष्टता, म्हणजे निरोगींतल्या किती निरोगी ठरवल्या, ९९.४ टक्के. ऐकायला झकास. पण पाळी गेलेल्या साधारण अडीच हजार बायकांत एकीला हा कर्करोग असतो. अडीच हजारजणींची चाचणी केली तर ०.६ टक्के, म्हणजे पंधरा निरोगी बायका पॉझिटिव्ह येणार, आणि खरी रुग्ण एक. पंधराजणींना बीजांडकोश काढायच्या शस्त्रक्रियेची भीती घालून एक सापडणार. त्यात सहातलं एक प्रोलॅक्टिन. ते ताणाने चढतं, आणि शस्त्रक्रियेच्या तोंडावर काढलेल्या रक्तात ते वाढलेलं असतं हे दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवलेलं होतं. रोग मोजला की ऑपरेशनची धास्ती? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामकाने, पत्रं पाठवली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चाचणी बाजारातून गेली. बीडांनी यात काहीच वावगं केलं नव्हतं. त्यांनी प्रोलॅक्टिन इमानाने मोजलं.

रक्त कसं काढलं, कधी काढलं, नळी किती वेळ टेबलावर राहिली, यावर यंत्राच्या निवडीपेक्षा जास्त काही ठरतं असं माझं मत होत चाललंय. रक्त गोठू दिलं की प्लेटलेट्स आपल्या पोटातलं बरंच काही बाहेर टाकतात, त्यामुळे गोठलेल्या रक्तातून निघणाऱ्या सीरममधलं व्हीईजीएफ किंवा बीडीएनएफ हे प्रथिन आणि प्लाझ्मातलं, या दोन निराळ्या गोष्टी. सेंट्रीफ्यूज करायला उशीर झाला की पांढऱ्या पेशी नळीतच आयएल-८ बनवत बसतात. ओपीडीत सकाळी दहाला काढलेलं रक्त वॉर्डातले मामा जेवून आल्यावर लॅबमध्ये नेतात, आणि मधुमेहाच्या बायका नेमक्या सकाळच्या ओपीडीत, निरोगी बायका दुपारच्या. झाला फरक तयार, "लक्षणीय" सुद्धा. शिवाय लाईट गेली, जनरेटर उशिरा लागला, उणे ऐंशीचा फ्रीजर उणे पन्नासवर आला, कुणी वहीत लिहिलं नाही. बाळंतपणानंतर केस गळतात म्हणून बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात, आणि बायोटिनवरच चालणाऱ्या काही चाचण्या त्याने बिघडतात. एफडीएने २०१७ मध्ये तशी सूचनाच काढली होती. हे प्रश्नावलीत विचारलेलं असतं का? मी पाहिलेल्या प्रश्नावल्यांमध्ये उत्पन्न विचारतात, शिक्षण विचारतात, केसांच्या गोळ्या विचारत नाहीत.

मैत्रिणीपुढचा खरा पेच मात्र रक्तात नव्हता, कागदावर होता. ऐंशी बायकांच्या दहा प्रथिनांसाठी यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे ते आहे आणि रोज चालतं त्यांना सॅम्पलमागे पैसे देऊन करून घ्यावं. रोज न चालणारं यंत्र वर्षभरात रुसतं, सर्व्हिस इंजिनिअर दुसऱ्या शहरातून येतो, आणि वॉरंटी संपली की वार्षिक कराराचा आकडा ऐकून विभागप्रमुख खुर्ची बदलतात. पण तिचे पैसे "उपकरण" या शीर्षाखाली मंजूर झालेले. उपकरण घेता येतं, सेवा घेता येत नाही. शीर्ष बदलून मिळावं म्हणून अर्ज, त्याला सहपत्रं, मार्च तोंडावर. कोण कुठलं यंत्र का घेतं याचं इतिहासलेखन कुणी केलंच तर त्यात अँटिबॉडीपेक्षा शीर्षं जास्त निघतील.

किटच्या बाबतीतही इकडचे काही हट्ट धरावे लागतात. किट ड्राय आइसमध्ये परदेशातून येतं आणि शुक्रवारी विमानतळावर उतरलं तर सोमवारपर्यंत कस्टम्समध्ये बसतं, म्हणून सोमवार-मंगळवारी पाठवा असं लेखी घ्यायचं. सगळ्या प्लेटा एकाच लॉटच्या राखून ठेवायला लावायच्या, कारण लॉट बदलला की आयएल-६ चा आकडा सरकतो. दोन कंपन्यांच्या पिकोग्रॅममध्ये तर मुळातच मेळ नसतो. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरच्या एनआयबीएससी या जैविक मानकं सांभाळणाऱ्या संस्थेकडे आयएल-६ चं आंतरराष्ट्रीय मानक मिळतं, आणि किटवाल्याने आपली मोजपट्टी त्याच्याशी जुळवली आहे का हे विचारायला पैसे पडत नाहीत. एका लॉटमधून दुसऱ्यात जावंच लागलं तर तीच चार-सहा सॅम्पलं दोन्हीकडे लावायची, म्हणजे सरकणं किती ते कळतं. मधुमेहाच्या बायका एका प्लेटवर आणि निरोगी दुसरीवर, असं लावणाऱ्याला माझ्याकडे पिपेटला हात लावू देत नाहीत.

पहिली प्लेट रुग्णांची नसावी हा माझा शेवटचा हट्ट. यावरून सगळ्यांशी भांडण होतं, कारण प्लेट महाग असते. किटच्या माहितीपत्रकातले आकडे बहुधा निरोगी दात्यांच्या रक्तावरचे असतात. गरोदर बाईचं रक्त निराळं: पाणी जास्त, चरबी जास्त, वार स्वतःच लेप्टिन बनवते, आणि प्रथिनांना बांधून ठेवणारी इतर प्रथिनंही बदललेली. म्हणून आठ-दहा गरोदर बायकांचा उरलासुरला प्लाझ्मा घ्यायचा, तो दोनपट, चारपट, आठपट, सोळापट पातळ करायचा, आणि दर वेळी डायल्यूशनने गुणून तोच आकडा परत येतो का ते पाहायचं. ज्या प्रथिनाचा आकडा येतो ते यादीत राहतं. चारपटीला एक आणि सोळापटीला दुसराच येत असेल, तर यंत्र काय मोजतंय ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ते प्रथिन यादीतून काढायचं, मग ते प्रकल्पाच्या मंजूर प्रस्तावात पहिल्या क्रमांकावर का असेना. मंजुरी देणाऱ्या समितीला कळवायला अर्धं पान पुरतं. सोबत प्लेटचा आलेख जोडावा.